थार देखणी झाली, पण कामाची राहिली का?

गाडी सुंदर दिसावी असं कोणाला वाटत नाही? शोरूममध्ये शिरल्यावर आपली नजर आधी रंगावर, चाकांवर आणि आतल्या मोठ्या स्क्रीनवरच जाते. पण काही गाड्यांचे मालक वेगळे असतात. त्यांच्या गाडीचं नवीन, चकचकीत मॉडेल येणार असं कळलं की त्यांना आनंदापेक्षा काळजीच जास्त वाटते. 'आता हिच्यात चिखलाचे बूट घालून बसता येईल का?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

महिंद्रा थारच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. 2020 मध्ये थारचं रूप पार बदललं. 2024 मध्ये पाच दरवाजांची थार रॉक्स आली आणि सनरूफपासून पांढऱ्या सीट्सपर्यंत सगळं काही मिळू लागलं. तरुणाई खूश झाली, बुकिंगचे आकडे गाजले. पण ज्यांनी शेतावर, घाटात आणि जंगलात वर्षानुवर्षं जुनी थार राबवली होती, त्यांच्या मनात एक शंका राहिलीच. गाडी शहराची झाली, मग आमचं काय?

तुमच्या घरी जुनी थार असेल किंवा तुम्ही नवीन घ्यायच्या विचारात असाल, तर ही शंका नीट समजून घ्या. तिच्यात तथ्य आहे. पण ती सगळीच खरी नाही.

जीपशी जुनं नातं

थारचं मूळ शोधायला गेलं तर आपण मुंबईच्या माझगावला पोहोचतो. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात महिंद्राने तिथे अमेरिकन विलीज जीपचे सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली. पुढे जीप इथेच बनू लागली आणि देशभर पसरली. पोलीस ठाणं, वनखातं, तहसील कचेरी, साखर कारखाना, सगळीकडे जीप दिसायची. पश्चिम महाराष्ट्रातल्या वडापमध्ये तुम्ही कधी बसला असाल, तर एका जीपमध्ये किती माणसं मावतात याचा हिशेब कोणालाच लागत नाही हेही तुम्हाला ठाऊक असेल!

हाच वारसा घेऊन ऑक्टोबर 2010 मध्ये थार आली. राजस्थानच्या वाळवंटाचं नाव, कापडी हूड आणि मागे समोरासमोर दोन बाकं. तिच्या साध्या डीआय मॉडेलमध्ये 63 हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं. ते जोरात पळायचं नाही, पण बिघडलं तर तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही ते दुरुस्त करू शकायचा. जास्त ताकद हवी असणाऱ्यांसाठी 105 हॉर्सपॉवरचं सीआरडीई मॉडेल होतं.

आराम मात्र जवळजवळ नव्हताच. मागे बैलगाडीसारखे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. आत पत्रा आणि साधं प्लास्टिक. पावसात हूडमधून पाणी ठिबकायचं. पण मालकांना त्याचं काही वाटत नव्हतं. ओरखडा आला तर आला, चिखल झाला तर पाइप लावून धुतला. ती जपून ठेवायची वस्तूच नव्हती.

2019 मध्ये 'थार 700' नावाने शेवटच्या 700 गाड्या काढून कंपनीने त्या थारचा निरोप घेतला.

नवीन रूपात काय काय आलं?

15 ऑगस्ट 2020 ला नवीन थार लोकांसमोर आली आणि 2 ऑक्टोबरला विक्रीला खुली झाली. बांधा जीपचाच होता, पण गाडी रुंद आणि रुबाबदार झाली होती. 18 इंची अलॉय चाकं, टचस्क्रीन, पॉवर विंडो आणि ऑटोमॅटिक गिअर आले. इंजिनं दोन होती, 130 हॉर्सपॉवरचं डिझेल आणि 150 हॉर्सपॉवरचं पेट्रोल. आधी पेट्रोल थार मिळतच नव्हती. पहिल्या गाडीचा लिलाव करोना मदतनिधीसाठी झाला, तेव्हा तिला 1 कोटी 11 लाख रुपयांची बोली लागली.

एवढं सगळं बघून जुन्या मालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांच्या काळज्या साधारण अशा होत्या.

• धूळ आणि पाणी: टचस्क्रीन आणि एवढी वायरिंग आली, मग नदी ओलांडताना काय होणार?

• दुरुस्ती: बिघाड शोधायला लॅपटॉप लागणार असेल, तर गावातला मिस्त्री काय करणार?

• जागा: मागची बाकं गेली, तर माणसं कुठे बसवायची आणि खताची पोती कुठे ठेवायची?

• किंमत: जी गाडी कामासाठी घ्यायची, ती हौसेची होऊन बसली तर?

• जीव न लागणं: लाखोंची गाडी काट्याकुट्यात घालायची हिंमत होईल का?

शेवटची काळजी सगळ्यात खरी आहे, असं मला वाटतं. गाडी जितकी देखणी, तितके आपण तिला जपतो. आणि जपायला लागलो की ती कामाला लावणं आपोआप कमी होतं.

धातूच्या आत काय बदललं?

आता दुसरी बाजू बघू. चिखलातून गाडी बाहेर काढायला तिचा रंग उपयोगी पडत नाही. त्यासाठी तीन-चार गोष्टी लागतात आणि त्या नवीन थारमध्ये टिकून आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे चौकट. शहरी एसयूव्हींमध्ये बहुतेक वेळा सांगाडा आणि बॉडी एकजीव असतात. थारमध्ये आजही खाली शिडीसारखी लोखंडी चौकट आहे आणि तिच्यावर बॉडी बसवलेली आहे. खडबडीत रस्त्यावरचे पिळे ही चौकट सोसते.

दुसरी गोष्ट फोर-लो. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. तो फोर-लोवर टाकला की वेग घटतो, पण चाकांना मिळणारी ताकद कितीतरी वाढते. दगडांच्या चढावर गाडी मुंगीच्या पावलांनी चढते, ती याच्याच जोरावर. नवीन थारमध्ये यासाठी बटण न देता दांडाच ठेवला आहे. जुन्या मालकांना ही गोष्ट फार आवडली.

तिसरी गोष्ट लॉक होणारं डिफरन्शियल. साध्या गाडीचं एक चाक हवेत लटकलं की सगळी ताकद त्याच चाकात वाया जाते. ते गरगर फिरतं आणि गाडी जागची हलत नाही. डिफरन्शियल लॉक झालं की जमिनीवरच्या चाकालाही ताकद मिळते. सगळ्या मॉडेल्समध्ये ही सोय नसते, म्हणून घेण्याआधी विचारून घ्या.

चौथी गोष्ट उंची. जुन्या थारच्या पोटाखाली 200 मिमी जागा होती, नवीन थारमध्ये ती 226 मिमी झाली. 650 मिमी खोल पाण्यातून ही गाडी जाऊ शकते, असं कंपनी सांगते. आतला भाग पाण्याने धुता यावा म्हणून तळाला बुचं दिली, स्पीकर छताला लावले आणि स्क्रीनही पावसाचे शिंतोडे सोसणारी घेतली.

म्हणजे जुन्या मालकांची पहिली काळजी कोणीतरी ऐकली होती. कागदावर तरी नवीन थार जुनीपेक्षा जास्त कठीण वाटेवर जाऊ शकते.

सगळा दोष फॅशनचा नाही

'पूर्वीसारखी साधी थारच का नाही बनवत?' असं अनेक जण विचारतात. बरेचदा उत्तर कायद्यात असतं.

1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस 6 प्रदूषण नियम लागू झाले. जुनं साधं डिझेल इंजिन या नियमांत बसणं कठीण होतं. धूर गाळायला डीपीएफ नावाचा फिल्टर आला आणि इंजिनावर लक्ष ठेवायला सेन्सर आले. त्याआधीच, 2019 पर्यंत, गाड्यांसाठी टक्कर चाचणीचे नियम, चालकासाठी एअरबॅग, एबीएस ब्रेक आणि सीटबेल्टची आठवण करून देणारी घंटी बंधनकारक होत गेली होती.

त्यामुळे तालुक्यातला मिस्त्री मागे पडला, याला कारण फक्त स्टाईल नाही. धूर कमी व्हावा आणि अपघातात माणूस वाचावा, या दोन मागण्या आपणच केल्या होत्या. त्यांची किंमत म्हणून गाडी गुंतागुंतीची झाली.

ती बाकं गेली ते बरंच झालं

जुन्या थारबद्दल बोलताना सगळ्यांचे डोळे चमकतात ते मागच्या बाकांची आठवण निघाली की. सगळी भावंडं समोरासमोर बसलेली, मध्ये डबे, गाणी आणि वाऱ्यावर उडणारे केस. हे सुख खरंच होतं.

पण जरा विचार करा. गाडी पुढे धडकली तर पुढे तोंड करून बसलेल्या माणसाला पट्टा छातीवर आणि कमरेवर धरून ठेवतो. आडव्या बाकावर बसलेलं मूल मात्र बाजूला फेकलं जातं. त्याची मान आणि कंबर आडवी पिळवटते. अशा बाकावर लहान मुलांची खास सीटही बसवता येत नाही. वर जुन्या थारमध्ये एअरबॅग नव्हत्या.

2020 मध्ये सुरुवातीला कंपनीने सहा जणांसाठी आडव्या बाकांचं एक स्वस्त मॉडेल ठेवलं होतं. तेव्हा थारची किंमत 9 लाख 80 हजारांपासून सुरू होत होती. पण काही महिन्यांतच ते मॉडेल बंद झालं. पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटच तेवढ्या राहिल्या आणि त्यांना मुलांची सीट अडकवायची आयसोफिक्स सोय मिळाली. नोव्हेंबर 2020 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत थारला मोठ्यांच्या आणि मुलांच्याही सुरक्षेसाठी 4 तारे मिळाले. पुढे रॉक्सने भारत एनकॅपमध्ये 5 तारे मिळवले.

इथे जुन्या मालकांचं एक नुकसान मात्र मान्य करायलाच हवं. सहा माणसं नेणारी गाडी चार माणसांची झाली आणि स्वस्त मॉडेल गेल्यामुळे ती महागही झाली. ज्या शेतकऱ्याला मजूर आणि सामान एकाच खेपेत न्यायचं होतं, त्याच्या हातून थार निसटली. सुरक्षा वाढली हे खरंच, पण ज्याचं पोट गाडीवर होतं त्याला तिची किंमत जास्त मोजावी लागली.

पांढऱ्या सीट्सची गोष्ट

ऑगस्ट 2024 मध्ये थार रॉक्स आली. पाच दरवाजे, मोठं सनरूफ, सहा एअरबॅग आणि सामानाला भरपूर जागा. तीन दरवाजांच्या थारमध्ये मागे जायला पुढची सीट वाकवून कसरत करावी लागायची. आजी-आजोबांना ते जमतच नसे. रॉक्सने तो प्रश्न सोडवला. 3 ऑक्टोबरला बुकिंग उघडलं आणि पहिल्या तासात 1 लाख 76 हजारांहून जास्त गाड्या बुक झाल्या.

पण आतल्या सीट्स होत्या पांढऱ्या! शेतातून आलेला मुलगा, चिखलाने माखलेला कुत्रा, वडापावची चटणी आणि पांढरी सीट, या चौघांचं जमायचं कसं? लोकांनी ही नाराजी उघडपणे बोलून दाखवली. कंपनीने ऐकलं आणि फोर-बाय-फोर मॉडेल्ससाठी मोका ब्राऊन, म्हणजे गडद तपकिरी रंगाचा पर्याय दिला.

यात एक छान गोष्ट लपली आहे. गडद रंग आधी कोणाला मिळाला? ज्यांची गाडी खरोखर चिखलात जाऊ शकते त्यांना. म्हणजे आपली गाडी कोण कशासाठी घेतं, हे बनवणाऱ्यालाही माहीत असतं. फक्त मालकांनी ते मोठ्याने सांगावं लागतं. 2025 च्या बदलातही असंच झालं. तीन दरवाजांच्या थारमध्ये काचांची बटणं सीटच्या मधोमध होती, ती दारावर आली. गाडीत चढताना धरायला खांबाला हँडल मिळालं. दिसायला या गोष्टी छोट्या आहेत, पण गुडघे दुखणाऱ्या आईला विचारा तिला स्क्रीन हवी की हँडल!

इंग्लंडमध्येही हीच कुरकुर

ही काळजी फक्त आपल्याकडचीच नाही. 1948 मध्ये सुरू झालेली लँड रोव्हर ही इंग्लंडच्या शेतकऱ्यांची लाडकी गाडी. तिचंच पुढचं रूप असलेली डिफेंडर जानेवारी 2016 मध्ये बंद झाली. तोवर ही कंपनी टाटा मोटर्सच्या मालकीची झाली होती. 2019 मध्ये नवीन डिफेंडर आली तेव्हा जुने चाहते नाराज झाले. शिडीसारखी चौकट गेली होती, बॉडी एकजीव झाली होती आणि किंमत शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर होती.

गंमत म्हणजे नवीन डिफेंडर 900 मिमी खोल पाण्यातून जाऊ शकते, म्हणजे जुनीपेक्षाही जास्त. तरी कुरकुर थांबली नाही. जिम रॅटक्लिफ नावाच्या अब्जाधीश उद्योजकाने तर जुन्या डिफेंडरच्या वळणावर इनिऑस ग्रेनेडिअर नावाची गाडीच बनवली. पण तीही महागच निघाली. साधेपणा परत आणायचा म्हटला तरी आजच्या जगात तो स्वस्तात मिळत नाही, हेच यातून दिसतं.

तुम्ही काय कराल?

थार घ्यायची की नाही, जुनी विकायची की ठेवायची, हे ठरवताना या गोष्टी तपासा.

• कामाची यादी करा: गेल्या वर्षभरात तुम्ही किती वेळा खरोखर खराब रस्त्यावर गेलात, ते लिहून काढा. उत्तर दोन-तीन वेळा असेल, तर तुम्हाला थारचं रूप आवडलंय. तसं असलं तरी काही वाईट नाही, पण स्वतःशी खरं बोला.

• दिसण्यावर जाऊ नका: जानेवारी 2023 पासून थार फक्त मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या मॉडेलमध्येही मिळते. तिची किंमत 9 लाख 99 हजारांपासून सुरू झाली. ती बाहेरून जवळजवळ तशीच दिसते, पण तिच्यात फोर-लो नाही. शेतावरच्या निसरड्या चढासाठी गाडी हवी असेल तर ही चूक महागात पडेल.

• रॉक्समध्येही बघून घ्या: फोर-बाय-फोर फक्त डिझेलमध्ये मिळते. पेट्रोल रॉक्स घेऊन चिखलात जायचं स्वप्न बघू नका.

• छोट्या फेऱ्या असतील तर पेट्रोल बघा: डिझेलचा डीपीएफ साफ राहायला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग गाडी चालवावी लागते. रोज फक्त शाळा आणि भाजी मंडई एवढंच असेल तर तो तुंबू शकतो.

• घरच्यांना बसवून बघा: टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. आईला मागे बसायला सांगा, मुलाची सीट लावून बघा, भाजीची पिशवी कुठे राहते ते बघा.

• सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते पाहा: नवीन गाडीचा बिघाड स्कॅनरशिवाय कळत नाही. जवळचं सेंटर 100 किलोमीटरवर असेल तर तोही खर्चच समजा.

• स्वतःच्या मनाने बदल करू नका: पुढे लोखंडी क्रॅश गार्ड लावणं बेकायदा आहे. टकरीचा धक्का पोटात घ्यायला बनवलेला गाडीचा पुढचा भाग त्यामुळे आपलं काम नीट करू शकत नाही. नोंदणीत असलेल्या गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये सांगितलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

काम मोठं आणि बजेट लहान असेल तर पर्यायही आहेत. मालासाठी बोलेरो पिकअप किंवा कॅम्पर आजही खेडोपाडी धावते. चिखल-पाणी हीच रोजची वाट असेल तर फोर्सची गुरखा बघा. इंदूरजवळच्या पीथमपूरला बनणाऱ्या या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलना लॉक होणारं डिफरन्शियल आहे आणि ती 700 मिमी पाण्यातून जाऊ शकते. दिसायला ती थारइतकी नखरेल नाही, पण कदाचित म्हणूनच तिच्या मालकांना ती आवडते.

जुनी थार दारात असेल तर?

ती लगेच विकून टाकायची घाई करू नका. शेतावर, बागेत, एकट्या-दुकट्याच्या कामाला ती अजून चांगली आहे. पण मुलांना घेऊन हायवेवर जायचं असेल तर दुसरी गाडी काढा. मागच्या बाकावर मुलांना बसवून लांबचा प्रवास करण्याचा हट्ट सोडून द्या. 15 वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ येते, तेव्हा कागदपत्रं आणि गाडीची तब्येत दोन्ही वेळेवर तपासून घ्या. दिल्ली-एनसीआरमध्ये राहत असाल तर जुन्या डिझेल गाड्यांचे तिथले वेगळे, कडक नियम आधी माहीत करून घ्या.

आणि नवीन थार घेतलीच, तर तिला फक्त सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुसत बसू नका. पहिला ओरखडा पडेल तेव्हा जीव थोडा कळवळेल. दुसऱ्या ओरखड्याला सवय होईल. तळाची ती बुचं धुण्यासाठीच दिली आहेत, त्यांचा उपयोग करा. गाडी देखणी आहे म्हणून ती नाजूक होत नाही. तिला नाजूक आपणच करून ठेवतो.